कापूस आला की कान बंद

धाम नदीच्या रेतीत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. कार्तिकी पौर्णिमा होती. कवठखेड्याचं झाडून सारं गाव तर आलं होतंच, पण थेट पवनारपर्यंतच्या खेड्यांतल्या बैलगाड्या काठावर सुटलेल्या होत्या. बाया लेकरं कडेवर घेऊन टाचा उंचावत होत्या आणि मधोमध, सागाच्या फळ्या ठोकून केलेल्या कमरेएवढ्या उंच मंचावर शंखीबाबा उभा होता. भगवी कफनी, छातीवर रुळणारी दाढी, हातात कोपराएवढा पांढरा शंख, पायात जाड खडावा.

खाली त्याचा चेला चंद्रभान घसा ताणत होता.

"देखो माय, देखो बाप्पा! डाक्टरची दवाई पोटात जाते अन् बाबाचा शंख सिधा आत्म्यात जाते! बहिरे ऐकतीन, मुके गातीन! ज्याले शंका असन त्यानं मांगं सराव, ज्याची भक्ती असन त्यानं पुढं याव!"

मागे सरणाऱ्याला मंचावरचं काही दिसायचं नाही, आणि पुढे आलेल्याला शंका घ्यायची सोय उरायची नाही. चंद्रभानाची ही व्यवस्था पक्की होती.

कोकिळा अगदी पुढे होती. कडेवर तिची पद्मा. पोरगी साडेतीन वर्षांची झाली, पण 'माय' हा शब्दही तिच्या तोंडून अजून निघाला नव्हता. शेजारी सासू रुख्माबाई, सासरे अण्णाजी आणि नवरा केशव. अण्णाजी गावातले खाऊनपिऊन सुखी शेतकरी. त्यांची नात बोलत नाही ही गोष्ट साऱ्या शिवाराला ठाऊक होती.

बाबाने पद्माला उचलून घेतलं, फळ्यांवर लोकांकडे तोंड करून बसवलं आणि तिच्या हातात बत्तासा दिला. पोरगी बत्तासा चाटू लागली. बाबा तिच्या पाठीमागे चार पावलं गेला, छाती फुगवली आणि शंख तोंडाला लावला.

भोंऽऽ!

पद्माने झटकन मान वळवली.

गर्दीतून एक 'हाऽ' निघाला. बाबाने पुन्हा शंख फुंकला. पुन्हा मान वळली. तिसऱ्यांदा तर पोरगी खुदकन हसली.

"कान उघडले!" चंद्रभान नाचू लागला. "बोला शंखीबाबा की..."

जयजयकाराने नदीकाठची बगळ्यांची रांग उडाली. कोकिळेच्या डोळ्यांना धारा लागल्या. ती मंचाजवळ गेली आणि तिने बाबाच्या खडावांवर डोकं ठेवलं. पायावर डोकं ठेवताना डोळे मिटायचे असतात. तिनेही मिटले.

पद्मा ऐकते की नाही, हा त्या घरातला जुना वाद होता. उन्हाळ्यात पोरगी ऐकायची. म्हणजे तसं वाटायचं. कुणी धपधप पावलं टाकत आलं की ती पाठमोरी असूनही वळून पाहायची. पण दिवाळी सरून कापूस घरात येऊ लागला की तिचे कान जणू मिटायचे. अर्ध्या मधल्या घरात कापसाचा ढीग लागायचा, पोरगी दिवसभर त्यावर लोळायची, आणि मागून नगारा वाजवला तरी ढिम्म. माघात कापूस जिनिंगला गेला की पुन्हा 'ऐकायला' लागायची. दोन वर्षं हे असंच चाललं होतं. आळीतल्या बायकांनी त्याची म्हणच करून टाकली होती: कापूस आला की कान बंद.

"हट्टी हाय पोट्टी," अण्णाजी म्हणायचे. "मनात असन तं ऐकते."

"तिचा मामा नाई का पाचव्या वरसी बोलला!" कुणीतरी धीर द्यायचं. त्या धिरावरच दोन वर्षं निघून गेली होती.

पण रुख्माबाईला दुसरंच काही आठवायचं. पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्या सीतादहीची गोष्ट. कोकिळा तेव्हा गरोदर होती. डोहाळ्यांची बाई, नैवेद्य दाखवण्याआधीच तिने दहीभाताला बोट लावून चाटलं होतं. तिनेच ते हसत हसत सासूला सांगितलं होतं. तेव्हा सासूही हसली होती. आता कुणी हसत नव्हतं. कापसाची पूजा उष्टी केली, म्हणून कापूस आला की पोरीचे कान जातात. सारं कसं जुळत होतं!

बाबाकडून घरी आल्यावर अण्णाजींनी आळीत गूळ वाटला. पद्मा पळत जाऊन कापसाच्या ढिगावर बसली. रुख्माबाईने मागून मायेने हाक दिली, "पद्मे!"

पोरगी कापूस पिंजत राहिली.

"पद्मे वं!"

केशवने थाळी वाजवली. अण्णाजींनी दाराची कडी आपटली. पद्माने मान वर केली नाही. बाहेर अजून लोक गूळ खात होते.

दुसऱ्या दिवशी सारे पुन्हा मंचापाशी. शंखीबाबा डोळे मिटून बसला, मग एक डोळा उघडून त्याने कोकिळेकडे पाहिलं.

"कान तं आमी खोलले. साऱ्या दुनियेनं पाह्यलं. मंग बंद कोण करून राह्यलं?" तो थांबला. "नदीची आसरा, पाण्यातली देवी, बसली हाय इच्या जिभेवर. इनं उष्टं केलं न काही?"

रुख्माबाईने तोंडावर पदर घेतला. बाबाला हे कसं कळलं? आदल्या दिवशी चंद्रभानाने आळीतल्या बायकांशी तासभर गप्पा मारल्या होत्या, हे कुणाला आठवलं नाही.

"मायची जीभ उष्टी, म्हणून पोरीची जीभ बंद. माय एक शब्द बोलते अन् आसरा पोरीचा कान दाबते. आजपासून मायचं मौन. पौष पौर्णिमेपर्यंत एक अक्षर नाई. तरी पोरगी बोलली नाई, तं मंग चांदीची सळई तापवून जिभेले डाग द्या लागन. आसरा डागाले भेते."

असा तो फास होता. पोरगी बोलली तर बाबाची करणी. नाही बोलली तर आईच झोपेत काही बरळली असणार. दोष कुठूनही निघाला तरी वाट कोकिळेच्याच दाराशी संपत होती. आणि फासातून सुटायला तोंड उघडावं, तर तेच तोंड बांधलेलं.

नाव कोकिळा आणि वाचा बंद, म्हणून विहिरीवरच्या पोरी आधी फिदीफिदी हसल्या. मग हसू संपलं आणि पाळत सुरू झाली. कोकिळा शिंकली तरी रुख्माबाई चुलीपासून विचारायची, "काही बोलली का वं?" सासू दुष्ट नव्हती. नातीसाठी ती स्वतः एकवेळ जेवत होती. पण भीती घरात शिरली की चांगली माणसंही कुलपं होतात.

पद्माची एक सवय होती. तान्ही असल्यापासून आई गाऊ लागली, बोलू लागली, की ती आपला तळवा आईच्या गळ्यावर ठेवायची आणि गालात हसायची. घरच्यांना वाटायचं, लाड. आता ती येऊन तळवा ठेवायची आणि वाट पाहायची. गळा गप्प. ती दुसरा हात ठेवायची. मग आईच्या गळ्यावर चापट्या मारायची आणि शेवटी भोकाड पसरायची. कोकिळा ओठ आवळून तिला छातीशी धरायची. ओठातून हुंदकाही निघू नये म्हणून पदराचा बोळा तोंडात धरायची. असं एकदा नाही, रोज.

तोंड बंद झालं तसे तिचे हात बोलू लागले. पाणी हवं तर अंगठा ओठाला. गाय म्हणजे डोक्यावर दोन बोटं. अण्णाजी म्हणजे मिशीला पीळ. आठ-पंधरा दिवसांत पद्मा हे सारं उचलून परत करू लागली; एवढंच नव्हे, तर मिशीला पीळ देऊन मग डोळे वटारून दाखवू लागली. म्हणजे अण्णाजी रागावले आहेत! कोकिळा थक्क झाली. पोरगी मठ्ठ नव्हती, हट्टीही नव्हती. साडेतीन वर्षं ती दाराबाहेर उभी होती आणि तिला आत घ्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

मग एका दुपारी ते घडलं. कोकिळा उखळात मिरची कांडत होती. उखळ मधल्या घराच्या जमिनीत पुरलेलं. पद्मा जवळच भुईवर पाठमोरी बसली होती. मुसळ पडलं तशी ती दचकली, वळली, हसली. पुन्हा मुसळ, पुन्हा हसू. आईला खेळ वाटला. तेवढ्यात पोरगी उठून कापसाच्या ढिगावर चढली. कोकिळेने मुसळ आणखी जोरात हाणलं. घराची भांडी किणकिणली. पोरीने वळून पाहिलं नाही.

कोकिळेचा हात थांबला.

तिने पद्माला उचलून भुईवर ठेवलं, मागे जाऊन मुसळ टाकलं. वळली. कापसावर ठेवलं, मुसळ टाकलं. नाही वळली. पुन्हा भुईवर ठेवलं, आणि आता थाळी हातात अधांतरी धरून तिच्या कानामागे खणकन वाजवली. शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं. पद्मा भुईवरची मिरचीची देठं वेचत राहिली.

पोरगी कानांनी कधी ऐकतच नव्हती. उन्हाळ्यात नाही, हिवाळ्यात नाही, कधीच नाही. भुई हादरली की तिच्या अंगाला कळत होतं. कापसावर हादरा पोचत नव्हता. ना आसरा, ना सीतादही.

मग तिला सागाच्या फळ्या आठवल्या.

दर गुरुवारी बाबाकडे जावं लागे. त्या गुरुवारी तिने पहिल्यांदा डोळे उघडे ठेवले. साऱ्यांची नजर वर, शंखाकडे. तिची खाली. शंख वाजला, आणि त्याच क्षणी उजवी खडाव टाचेकडून उचलली गेली आणि फळीवर दाणकन पडली. शंखाच्या आवाजात ती कुणाला ऐकू येणार? इतके लोक रोज त्या पायांवर डोकं ठेवत होते, पण पाय काय करतात हे कुणी पाहत नव्हतं.

घरी येऊन तिने केशवला मधल्या घरात ओढलं आणि सगळं करून दाखवलं. मुसळ, कापूस, थाळी. मग पाय उचलून जमिनीवर आपटला आणि हाताने दाढी दाखवली. केशव शहाणा माणूस, त्याला समजलं.

"मले समजते," तो हळू आवाजात म्हणाला. "पण मंग... हे कधीच नाई ऐकन का वं? बाबा निदान म्हणते तं, की ऐकन."

फासाची खरी गाठ इथे होती. बाबा खोटा ठरला, की पोरगी बहिरी ठरत होती. तो शब्द त्या घरात अजून कुणी उच्चारला नव्हता.

केशव म्हणाला, "अण्णाजीले सांगू कसं? ते म्हणतीन, बायकोनं नादी लावलं." आणि तो बैलांना पाणी पाजायला निघून गेला.

मार्गशीर्षात देवी टोचायला वर्ध्याहून सुनीतीबाई डॉक्टर आल्या. वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि अशा खेड्यात डॉक्टरीणबाईची जीप आली की जत्रा भरायची. सुनीतीबाई घरोघर जाऊन पोरांना टोचत. अण्णाजींच्या ओसरीवर त्यांनी कोकिळेला पोरीचं वय विचारलं. कोकिळेने बोटं दाखवली.

"आई मुकी आहे का हो?"

"नाई वं बाई," रुख्माबाई म्हणाली. "मौन हाय तिचं. इनं सीतादहीचा दहीभात उष्टा केला अन् पोरगी बोलत नाई म्हणून."

"पोरगी बोलत नाही, म्हणून आईनेही बोलायचं नाही?" सुनीतीबाईंची सुई हातात राहिली. "आजी, हे म्हणजे भुकेल्याच्या घरची चूल विझवण्यासारखं झालं! मुलगी ऐकते का?"

"ऐकते न! बाबानं कान उघडले."

तेव्हा कोकिळेने डॉक्टरीणबाईंचा हातच धरला. सासूला वाटलं, सून घेरी येऊन पडते की काय. कोकिळेने त्यांना मधल्या घरात नेलं आणि सारा खेळ पुन्हा मांडला. सुनीतीबाई पाहत राहिल्या. मग त्यांनी पद्माला दुहेरी घडीच्या गोधडीवर बसवलं, पाठीमागून आधी घंटी वाजवली, मग तिच्या नावाने मोठ्याने हाका मारल्या. शेवटी तिच्यासमोर बसून त्यांनी अंगठा ओठाला लावला. पद्मा उठली, गडवा घेऊन आली आणि पाणी सांडत त्यांच्यापुढे ठेवला.

सुनीतीबाईंचे डोळे भरून आले, पण आवाज डॉक्टरचाच होता.

"बाई, तुमची मुलगी हुशार आहे. ती बहिरी आहे. जन्मापासून असावी. पोटुशी असताना सुरुवातीच्या महिन्यांत ताप आला होता? अंगावर लाल पुरळ?"

कोकिळेने मान हलवली. आला होता. चार दिवसांत उतरलाही होता.

"त्यानं होतं कधीकधी. कशानं झालं हे छातीठोक सांगता येणार नाही. पण दहीभात चाटल्यानं नाही, एवढं मी लिहून देते. जीभ तिची चांगली आहे. जो शब्द कधी कानात गेलाच नाही, तो जिभेवर येईल कुठून? नागपुरात अशा मुलांची शाळा आहे. ओठ पाहून, हाताने कंप ओळखून बोलायला, वाचायला शिकवतात. पण लवकर. मूल लहान असतं तेव्हा भाषा झिरपते तशी पुढे झिरपत नाही. दोन वर्षं आधी कळलं असतं तर..."

"बस करा!" रुख्माबाईने नातीला ओढून जवळ घेतलं. "माह्या नातीले बहिरी म्हणायले आल्या का तुमी? डागानं बोलन थे. पौर्णिमेले बोलन!"

"डाग? जिभेला?" सुनीतीबाई उठून उभ्या राहिल्या. "आजी, तोंडात जखम चिघळली तर बोलणं सोडा, खाणंही जाईल पोरीचं."

"तुमच्या पोटी हाय का लेकरू?"

सुनीतीबाईंनी पेटी बंद केली. दारातून जाताना त्या कोकिळेला म्हणाल्या, "पौर्णिमेला मी येईन. पण माझं कुणी ऐकणार नाही. आई तुम्ही आहात."

पौष पौर्णिमेच्या सकाळी रेतीवर पुन्हा तीच गर्दी. या वेळी मंचाशेजारी शेगडीत निखारे फुलले होते आणि निखाऱ्यांत चांदीची सळई होती. मंचावर एका कडेला कापसाचा पांढराशुभ्र ढीग: हंगाम म्हणून लोकांनी बाबाला वाहिलेला. कोकिळेने तो ढीग पाहिला आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या छातीवरचं ओझं किंचित हललं.

"ज्याले शंका असन त्यानं मांगं सराव!" चंद्रभान ओरडला.

"मला शंका आहे," सुनीतीबाई म्हणाल्या, "आणि मी इथेच उभी राहणार."

लोक हसले. बाबाने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्याने पद्माला फळ्यांवर बसवलं, मागे गेला, शंख फुंकला. मान वळली. जयजयकार झाला.

"पाह्यलं? कान खुले हाय! आता फक्त जीभ. आण रे सळई!"

कोकिळा मंचावर चढली. रुख्माबाईने लुगड्याचा काठ धरला, तो तिच्या हातातून सुटला. कोकिळेने पद्माला उचललं आणि कापसाच्या ढिगावर मधोमध बसवलं. मग बाबाकडे वळून हात ओठांशी नेले: फुंका.

"हे काय? पोरगीले खाली आण!" बाबा म्हणाला.

"फुंका न बाबा!" गर्दीतून एक म्हातारा ओरडला. त्याच्या मनात शंका नव्हती; त्याला चमत्कार पुन्हा पाहायचा होता. "कान तं उघडलेच हाय, कापूस काय अन् फळी काय!"

"फुंका! फुंका!"

भक्तांच्या आग्रहाला बाबा नाही कसं म्हणेल? त्याने शंख फुंकला. खडाव आपटली. पद्मा कापूस उडवत बसली. त्याने छाती फुटेस्तोवर फुंकला. पद्माने एक सरकी काढून ऊन तिच्यावर पडेल अशी धरली.

जयजयकारासाठी वर गेलेले हात खाली आले.

"आसरा!" चंद्रभान किंचाळला. "कापसात आसरा बसली!"

कोकिळा वाकली. लोकांना वाटलं, क्षमा मागते आहे. तिने बाबाच्या पायावर डोकं ठेवलं, आणि या वेळी डोळे मिटले नाहीत. दोन्ही हातांनी उजवी खडाव धरली आणि हिसडली. बाबा एका पायावर लडखडला. दुसरा पाय सावरायला त्याने उचलला, ती खडावही गेली. चंद्रभान धावला, पण मध्ये केशव उभा होता.

"हात लावजो नोको," केशव म्हणाला. एवढंच. पण त्याचा आवाज त्या दिवशी अण्णाजींच्याही कानांनी पहिल्यांदा ऐकला.

कोकिळेने पद्माला फळीवर परत बसवलं आणि पुन्हा हात ओठांशी नेले.

"फुंक बाबा!" आता म्हाताऱ्याचा आवाज बदलला होता.

अनवाणी बाबाने शंख फुंकला. आवाज नदीपलीकडे गेला, परत आला. पद्मा हलली नाही.

मग कोकिळेने शंखाविना, मंत्राविना, पोरीच्या पाठीमागे बसून खडाव फळीवर टेकवली. टक्. पद्मा वळली. टक्. पद्मा हसली.

कोकिळा उठली. तिचा घसा गंजला होता. पहिला आवाज फक्त घरघर निघाला. लोकांना वाटलं, आता आसरा बोलणार. पण बोलली ती आईच.

"माही पोरगी बहिरी हाय."

"मौन मोडलं!" चंद्रभान ओरडला.

"मोडलं," कोकिळा म्हणाली. "काय घेऊन जाते तुही आसरा, ते सारे पाहू. बहिरी हाय माही पोरगी. जन्माची बहिरी. मी काही उष्टं केलं नाई, अन् तिनं काही हट्ट केला नाई. तिच्या जिभेले कोणी हात लावला, तं हे सळई माह्या हातात असन."

रुख्माबाई मंचापाशी आली. सुनेकडे न पाहता तिने आपला सुरकुतलेला तळवा फळीवर ठेवला आणि म्हणाली, "वाजव." कोकिळेने खडाव टेकवली. म्हातारीच्या हाताला हादरा कळला. तिने हात उचलून घेतला, पुन्हा ठेवला. "अजून वाजव," ती म्हणाली, आणि मग तिथेच रेतीत बसून पदरात तोंड घालून रडू लागली. सुनीतीबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि एक एक करून सारी गर्दी हात पुढे करून फळीला लावू लागली.

शंखीबाबा त्या गडबडीत केव्हा निसटला ते कुणी पाहिलं नाही. कुणी म्हणे, कारंज्याच्या रस्त्यावर अमरावतीकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये तो दिसला. अनवाणी होता. खडावा कोकिळेकडेच राहिल्या.

बायाबापड्यांनो, हे लिहायचं कारण बाबा नाही. एक गेला की दुसरा येतो, कुणाच्या हातात शंख असतो तर कुणाच्या हातात राख. कारण आहे ती दोन वर्षं, जी पद्माची 'मामा पण उशिराच बोलला' यात गेली. घरातलं तान्हं सहा महिन्यांचं झालं तरी आवाजाकडे वळत नसेल, वर्ष-सव्वा वर्षात 'माय', 'बा' काही म्हणत नसेल, तर वाट पाहू नका, लाजू नका, आणि आईचा दोष शोधू नका. त्याला भुईवरून, पाटावरून उचला, जाड गोधडीवर किंवा कापसावर बसवा, मागे उभे राहा, पाय न आपटता हाक मारा. नाही वळलं, तर देवळाकडे नाही, डॉक्टरकडे जा. वळलं तरी शंका असेल, तर शंका घेऊन पुढेच जा, मागे सरू नका. आणि तोवर त्याच्याशी बोला. ऐकत नसलं तरी बोला. तोंडाने, हाताने, डोळ्यांनी.

त्या दिवशी मंचावरून उतरताना कोकिळा पद्माला कडेवर घेऊन काहीतरी पुटपुटत होती. काय, ते तिलाही आठवत नाही. दोन महिने तुंबलेलं सगळं. पद्माने सवयीने तळवा आईच्या गळ्यावर ठेवला, आणि एकदम थबकली. गळा थरथरत होता. तिने घाईघाईने दुसराही हात लावला, आईच्या ओठांकडे टक लावून पाहिलं, आणि अख्ख्या रेतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने हसली.